माळवद घालायचं असेल तर: माती, भुसकट आणि वजनाचा हिशोब

माझ्या आजोळी, शिरूर तालुक्यात, एकाच अंगणात दोन छपरं समोरासमोर होती. एक मामांनी नंतर घातलेलं पत्र्याचं, दुसरं पणजोबांच्या वेळचं माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर माती घालून केलेलं सपाट छप्पर. वैशाखात दुपारी तीन वाजता पत्र्याखाली शेळीसुद्धा थांबायची नाही. माळवदाखाली मात्र आजी डाळ निवडत बसलेली असायची आणि आम्ही मुलं तिच्या बाजूला पोत्यावर गाढ झोपलेलो असायचो. चार वर्षांपूर्वी ते जुनं माळवद आम्ही उतरवलं आणि त्याच जागी दहा बाय दहाच्या खोलीवर नवं घातलं. पुण्यात राहणारे, पण पूर्वेकडच्या तालुक्यांत शेत किंवा जुनं घर असलेले बरेच जण मला याबद्दल विचारतात. त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

जुनं माळवद उतरवताना कुदळीने कापलेल्या कडेत मातीचे थर मोजता येत होते. तळाशी वीतभर मूळ माती आणि तिच्यावर वर्षानुवर्षं टाकलेले पातळ थर, सगळे मिळून दोन फुटांच्या पुढे. मधली तुळई खाली झुकली होती. त्या छपराखाली आम्ही वर्षानुवर्षं बिनघोर झोपलो, हे आठवून त्या दिवशी मामांना आणि मला जेवण गेलं नाही. म्हणून या लेखात वजनाची गोष्ट पुन्हा पुन्हा येईल.

आधी तुमच्या गावचा पाऊस बघा

पुणे जिल्हा एकच असला तरी पावसाच्या दृष्टीने तो दोन वेगळे मुलूख आहे. लोणावळ्याला वर्षाला 4000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पुणे शहरात साधारण 700 ते 750, आणि शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर या पट्ट्यात 500च्या आसपास. जुनी घरं हे बरोबर ओळखून होती. मावळ-मुळशीकडे उतरतं छप्पर, गवत नाहीतर कौलं. पूर्वेला सरकत गेलं की सपाट माळवद, आणि पुढे सोलापूर-मराठवाड्यात तर गावंच्या गावं माळवदाची. काही भागांत यालाच धाबं म्हणतात.

माझं स्पष्ट मत आहे की निव्वळ मातीचं माळवद फक्त पूर्व पट्ट्यातच घालावं. पुणे शहरात किंवा पश्चिमेला हौस म्हणून घालाल तर दर पावसाळ्यात लाकूड कुजवाल. शहरातल्यांसाठी वेगळा उपाय आहे, तो शेवटाकडे सांगतो.

आता माती थंडावा कसा देते ते. एक फूट जाडीच्या मातीतून बाहेरची उष्णता आत पोचायला साधारण आठ ते दहा तास लागतात. सहा इंचांत त्याच्या निम्मे. म्हणजे दुपारचं ऊन संध्याकाळी उशिरा आत जाणवतं, आणि तोवर बाहेरची हवा उतरलेली असते. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवसा 40 अंश झाले तरी रात्री पारा बराच खाली येतो, त्या फरकावरच हे सगळं चालतं. कोकणात रात्रसुद्धा उकाड्याचीच, तिथे माळवदाचा उपयोग नाही. रात्री घर उघडं ठेवणं हाही याचाच भाग. जुन्या माळवदाला मधोमध एक सवणं असायचं (कुणी त्याला सानं म्हणतात). त्यातून उजेड यायचा, धूर जायचा आणि रात्री कोंडलेली ऊब बाहेर पडायची. नव्या छपरातही ते ठेवा. काठ चार बोटं उंच करून वर सरकती फरशी ठेवली की झालं.

वजन, लाकूड आणि किल्लारी

एक घनफूट दाबलेली माती साधारण 50 किलो भरते. सहा इंच जाडीचा थर म्हणजे दर चौरस फुटाला 25 किलो, भिजली की 30 धरा. दहा बाय दहाच्या खोलीवर अडीच टन कोरडी, तीन टन ओली. आमच्या जुन्या दोन फुटी माळवदाचा हिशोब याच मापाने केला तर दहा टन होतात. दहा टन माती, वाकलेल्या तुळईवर, झोपलेल्या पोरांच्या डोक्यावर.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या गावांत नेमकं हेच घडलं. चिखलात रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंती फुटल्या आणि वरची जडच्या जड माळवदं माणसांवर आली. हजारो माणसं गेली. पण त्याच गावांतली दुसरी गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे: जिथे छपराचा भार भिंतीवर नसून लाकडी खांबांच्या चौकटीवर होता, तिथे भिंती ढासळूनही छप्पर बऱ्याच ठिकाणी उभं राहिलं. कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा धक्का पुण्यातल्या जुन्या लोकांना अजून आठवतो, त्यामुळे हे आपल्याला लागू नाही असं समजू नका. मातीच्या बांधकामाच्या भूकंपसुरक्षेसाठी आयएस 13827 हे भारतीय मानक आहे; तुमच्या अभियंत्याला ते वाचायला सांगा आणि लाकडाची मापं त्याच्याकडून तपासून घ्या.

आमची मापं अशी होती. खोलीचे पाच बाय दहाचे दोन खण. तुळया तीन, प्रत्येकी दहा फूट, मधली 6 बाय 8 इंच उभी ठेवलेली, कारण दोन्ही खणांचा अर्धा अर्धा भार तिच्यावर येतो. प्रत्येक तुळईखाली दोन, असे 6 बाय 6 चे सहा खांब, दगडी उथळ्यावर (खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर). तुळयांवर आडवे सर, पाच फुटांचे, 2 बाय 4 इंच उभे, एकमेकांपासून फूटभर अंतरावर. गोल लाकूड वापरणार असाल तर चार इंच व्यासापेक्षा बारीक नको. खांब-तुळई आणि तुळई-सर या सांध्यांवर लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट घातले, कोपऱ्यांत तिरके आधार दिले. भिंत चौकटीच्या बाहेरून, फक्त आडोशासाठी.

साग परवडत नसेल तर बाभूळ उत्तम. मात्र ती हिवाळ्यात तोडलेली असावी आणि महिना-दीड महिना पाण्यात बुडवून, मग सावलीत वाळवलेली असावी. ओल्या बाभळीला भुंगा लागतो आणि वर्षभरात छपरातून पिवळी भुकटी गळायला लागते.

उतार लाकडातच द्या. बहुतेक गवंडी सपाट सर टाकतात आणि मातीने उतार काढतात. मग एका बाजूला माती तीन इंच जादा होते, विनाकारण. आम्ही खोलीच्या एका बाजूची तुळई दुसऱ्या बाजूपेक्षा तीन इंच उंच बसवली आणि मधली दोघींच्या मध्ये. दहा फुटांत तीन इंच म्हणजे चाळिसास एक. पाणी धावत नाही, पण थांबतही नाही, आणि मातीही वाहून जात नाही.

माती ओळखणं

आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. या जोडीतली पांढरी म्हणजेच माळवदाची माती. शेकडो वर्षं लोक राहिले, चुली पेटल्या, राख पडली, घरं पडून पुन्हा उभी राहिली; त्यातून तयार झालेली ही राखट, चुनखडीयुक्त, बारीक माती. ती पाण्याने फुगत नाही, म्हणून वाळताना फाटत नाही. काळ्या मातीत फुगणारी चिकणमाती असते, उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. छपरावर तीच भेग म्हणजे गळती.

पण पांढरीच्या टेकाडावर कुदळ मारण्याआधी थांबा. शिरूर तालुक्यातच घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथल्या अशाच टेकाडात डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी 1968 पासून उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीची मातीच्या बुटक्या भिंतींची, गवताने शाकारलेली घरं सापडली. अशी किती टेकाडं माळवदांसाठी आणि शेतात खत म्हणून खणून नाहीशी झाली याची मोजदाद नाही. जुन्या खापऱ्या सापडणाऱ्या टेकाडाला हात लावू नका. पडलेल्या घरांच्या भिंतींची माती मागून आणा, ती तशीही कुणाला नको असते. आम्ही आमच्या जुन्या माळवदाचीच माती चाळून वापरली आणि तिच्यात थोडा मुरूम मिसळला.

माती मिळाली की चार परीक्षा घ्या. या टप्प्याला दोन आठवडे लागले तरी लागू द्या.

पहिली बाटलीची. सरळ बाटलीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चिमूटभर मीठ. खूप हलवा आणि एक दिवस ठेवा. खाली वाळू, मध्ये पोयटा, वर चिकणमाती बसते. वरचा थर एकूण मातीच्या साधारण पाचवा हिस्सा असावा. तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे गेला तर बारीक मुरूम किंवा वाळू मिसळा.

दुसरी लाडवाची. ओलसर मातीचा लाडू वळून खांद्याच्या उंचीवरून कठीण जमिनीवर टाका. चपटा होऊन चिकटला तर पाणी किंवा चिकणमाती जास्त. भुकटी झाली तर चिकणमाती कमी. दोन-चार तुकडे झाले तर बरोबर.

तिसरी वळीची. बोटाएवढी वळी करून हातातून अलगद पुढे सरकवत हवेत लोंबू द्या. तीन-चार इंचांवर तुटली तर चालेल. वीतभर न तुटता लोंबली तर ती माती नक्की तडकणार.

चौथी परीक्षा सगळ्यांत महत्त्वाची आणि हीच लोक टाळतात. फूटभर चौकोनी आणि दोन इंच जाड असे पाच-सहा तुकडे लाकडी चौकटीत पाडा. प्रत्येकात मिश्रण वेगळं: एकात भुसकट कमी, एकात जास्त, एकात मुरूम, एकात शेण. सावलीत आठवडाभर वाळवा. मग तुकडा थोडा तिरपा ठेवून तांब्याने एकाच जागी हळू पाणी ओता. कुठला भेगाळला, कुठला धुपला, कुठल्यात पाणी खोल मुरलं, हे वहीत लिहून ठेवा. आमच्याकडे जिंकलेलं मिश्रण होतं तीन घमेली माती, एक घमेलं गव्हाचं भुसकट आणि अर्धं घमेलं ताजं शेण. तुमचं वेगळं असू शकतं. दुसऱ्याचं प्रमाण उसनं घेऊ नका.

दहा बाय दहासाठी सहा इंच दाबलेली माती म्हणजे अर्धा ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). मोकळी माती दबून कमी होते, म्हणून पाऊण ब्रास आणून ठेवा.

भुसकट आणि गारा

भुसकट मातीला धरून ठेवतं. वाळताना माती आकसते, तो ताण हजारो काड्यांत वाटला जातो आणि एका मोठ्या भेगेऐवजी केसासारख्या बारीक रेघा पडतात. शिवाय काड पोकळ असल्याने थर हलका होतो आणि ऊनही कमी पोचवतो. गव्हाचं काड दोन-तीन इंच कापलेलं, वरच्या थरासाठी अगदी बारीक भुसकट. भाताचं तूसही चालतं. वाख किंवा अंबाडीचा धागा मिळाला तर काठाच्या मातीत घाला, तिथे ओढ जास्त असते. उसाचं पाचट मात्र गाऱ्यात, म्हणजे कालवलेल्या चिखलात, नको. नीट मिसळत नाही, गठ्ठे राहतात.

गारा पायांनी तुडवायचा. खड्ड्यात माती भिजवून, भुसकट पसरून, रोज सकाळी अर्धा तास तुडवा आणि ओल्या पोत्यांनी झाका. सात-आठ दिवसांत आंबूस वास येतो, रंग गडद होतो आणि गारा हाताला लोण्यासारखा लागतो. हा मुरलेला गारा न मुरलेल्यापेक्षा स्पष्टपणे कमी तडकतो. आम्ही दोन्हीचे तुकडे शेजारी शेजारी वाळवून खात्री केली.

थर

काम संक्रांतीनंतर सुरू करा आणि मार्चअखेर संपवा. एप्रिल-मेच्या उन्हात वरचा पापुद्रा लवकर वाळतो, आतली ओल अडकते आणि थर सुटतो.

सरांवर आडव्या बांबूच्या कांबी किंवा सरळ फोक अगदी चिकटून टाका आणि काथ्याने बांधा. वर तट्ट्या अंथरल्या तर खाली माती गळत नाही. त्यावर कडुनिंबाच्या पानांच्या डहाळ्या, दाबून दोन बोटं राहतील एवढ्या. वाळवीला निंब नकोसा असतो. काही ठिकाणी तरवड वापरतात. पाल्यावर चाळलेली कोरडी राख भुरभुरली.

मग दोन इंच घट्ट गारा. हा थर पूर्ण वाळू द्या, दहा-बारा दिवस. भेगा पडतीलच, त्या पातळ गाऱ्याने भरा. घाईत पुढचा थर टाकला की खालची ओल थेट लाकडात उतरते.

इथे प्लॅस्टिकचा प्रश्न येतो. गावातल्या जाणत्यांचा त्याला विरोध होता, छप्पर श्वास घेत नाही म्हणून. मी तरीही घातलं: जाड ताडपत्री, या वाळलेल्या थरावर, खाली-वर चाळलेल्या मऊ मातीची पातळ गादी देऊन, एकही जोड न ठेवता, कडेने बाहेर वळवून. हल्ली परतीचा पाऊस तासाभरात तळं करतो, तेवढ्यासाठी मला हा विमा हवा होता. सवण्याभोवती ती कापावी लागते. तिथे काठावर वर चढवून बांधा.

ताडपत्रीवर तीन इंच माती, दीड-दीड इंचाचे दोन थर करून. ही माती गाऱ्यासारखी ओली नको. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण हात ओला होऊ नये. लाकडी चोपण्याने ठोका. जमिनीला वापरतात ते जड धुम्मस इथे वापरू नका, सरांचे सांधे हलतात. सगळ्यांत वर एक इंच: पांढरी माती, बारीक भुसकट, शेण. पसरा, अर्धवट वाळल्यावर चोपा, दुसऱ्या दिवशी बारीक रेघांवर पाणी शिंपडून पुन्हा चोपा, आणि शेवटी शेणकाल्याने सारवा. सारवण्याचं काम आमच्या मावशीने केलं. तिचा हात एकदाही उलटा फिरला नाही, उताराच्या दिशेनेच प्रत्येक फरकाटा.

काठ आणि पन्हळ यांची हयगय करू नका. काठावर शहाबादी फरशीची पट्टी बसवा, अर्धा फूट बाहेर काढून. पन्हळी दोन ठेवा. तासाला 50 मिलिमीटर पाऊस पडला तर एवढ्या छपरावर साडेचारशे लिटरच्या वर पाणी येतं. ते एका चार इंची पन्हळीतून जाईल, पण ती पाल्याने तुंबली तर दुसरी हवी. पन्हळीचं तोंड मातीच्या पातळीखाली, भोवती हातभर फरशी आणि बाहेर निदान दीड फूट, म्हणजे पाणी भिंतीपासून लांब पडेल. मातीची भिंत पायापाशी भिजली की काय होतं ते पुण्याने 12 जुलै 1961 ला पानशेतच्या पुरात बघितलं आहे. नदीकाठच्या पेठांतले कित्येक वाडे पाण्यात उभे राहून मागाहून बसले.

फरशीलगतच्या वीतभर पट्ट्यात पाणी न शोषणारा गारा वापरता येतो: दीड किलो डांबर वितळवून, थोडं मेण घालून, ते 300 मिलिलिटर रॉकेलमध्ये ढवळत ओतायचं आणि 30 लिटर गाऱ्यात मिसळायचं. विस्तवापासून लांब, मोकळ्यावर करा. रॉकेल आता सहज मिळत नाही, म्हणून आम्ही चुन्याच्या कोब्यावर भागवलं.

दर वर्षी रोहिणीत

वळवाचा पहिला पाऊस ही तुमची तपासणी. पाऊस चालू असताना आत उभे राहा आणि जिथे ओल दिसेल तिथे खालून खडूने खूण करा. मग रोहिणी नक्षत्रात, मृगाच्या आधी, वर चढून गवत मुळासकट उपटा, पन्हळी मोकळ्या करा, भेगा भरा.

आणि माती बदला. आजी दर वर्षी सहा-सात घमेली पांढरी माती वर टाकायची आणि ते अगदी प्रेमाने करायची. पण कुणी कधी जुनी माती उतरवली नाही. वर्षाला अर्धा इंच म्हटलं तरी तीस वर्षांत पंधरा इंच होतात. म्हणून आमच्या घरी आता नियम आहे: जेवढी घमेली वर चढवायची, तेवढी आधी खरवडून खाली आणायची, मोजून. सवण्याच्या काठावर सहा इंचांची खूण कोरून ठेवली आहे. माती तिच्यावर गेलेली दिसली की काढायची.

पुणे शहरात राहत असाल तर

स्लॅबवर माती टाकायचा विचार सोडून द्या. गच्चीचा स्लॅब सहसा दर चौरस मीटरला 150 किलो चलभार (वर येणाऱ्या माणसांचं-सामानाचं वजन) धरून बांधलेला असतो. सहा इंच ओली माती त्याच्या दुप्पट भरते. पत्र्याची खोली असेल तर मात्र चांगला उपाय आहे. पत्र्याखाली निदान अर्धा फूट जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचं छत बांधा, त्याला खालून-वरून मिळून एक इंच भुसकटाचा गारा लावा. वजन चौरस फुटाला चार-पाच किलो, म्हणून तट्ट्यांना दर फुटावर आधार द्या. वरच्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळीची तोंडं ठेवा, म्हणजे तापलेली हवा निघून जाईल. पाऊस पत्रा झेलतो, ऊन माती अडवते. लेप तट्ट्यांच्या कडेपर्यंत नीट लावा. उघडा बांबू आणि विजेच्या तारा जवळजवळ नकोत.

भर श्रावणात माळवद गळायला लागलं तर वर चढू नका. ओल्या मातीवर पाऊल पडलं की तिथे खळगा होतो आणि पाणी तिथेच साठतं. शिडीवरून, काठावरूनच ताडपत्री ओढून घ्या, दगड कडेच्या फरशीवर ठेवा, आत गळतीखाली घमेलं ठेवा आणि दोन दिवस सलग ऊन पडेपर्यंत थांबा. मग खडूची खूण शोधून तेवढाच हातभर भाग दोन इंच उकरा आणि मुरलेला गारा भरून चोपा. त्यासाठी मुरवलेल्या गाऱ्याचा एक डबा पावसाळाभर ओल्या पोत्याखाली झाकून ठेवलेला असू द्या.